कापडाचा प्राणी टेबलावर बसवाचा हाये, दोन सर्वो मोटरवर. जमते का?

अर्धा_सर्किट

राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यात माझं झेरॉक्स आन ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, पीक विमा, सातबारा, स्कॉलरशिप, जे म्हणाल ते. सर्व्हर बसला का लोक बेंचवर बसून राहतात आन त्यांच्यासंगं आलेले पोट्टे माझ्या स्टेपलरचा जीव घेतात. तं डोक्यात आलं का टेबलावर एखादा प्राणी ठेवावा. रोबोच, पण टणक प्लास्टिकचा नाही, मऊ कापडाचा, हात लावला का अंग हलवणारा आन नाही लावला तं नुसता श्वास घेत पडून राहणारा. चाकं नको, बोलणं नको, कॅमेरा तं बिलकुलच नको.

सामान असं: ईएसपी३२ चा बोर्ड (प्रोग्राम टाकता येते असा छोटा कंट्रोलर), एसजी९० च्या दोन निळ्या सर्वो (सांगितलेल्या कोनावर फिरून थांबणाऱ्या छोट्या मोटरा), जुने टी-शर्ट, गादीवाल्याकडचे फोमचे तुकडे आन गळाचा तंगूस. पहिला नमुना अळीचा केला, सगळ्यात सोपा आकार म्हणून. टी-शर्टची लांब नळी शिवली, आत फोम भरला, पोटाच्या बाजूनं तंगूस ओवला, एक टोक तोंडाशी पक्कं केलं आन दुसरं सर्वोच्या दांडीला बांधलं. सर्वो फिरली का अळी कमानीसारखी वाकेल असं वाटलं होतं. पण नळी मधातच मोडते, एकाच जागी घडी पडते आन बाकीचं अंग सपाट पडून राहते. दुसरा त्रास म्हणजे दोन्ही सर्वो एकदम चालवल्या का बोर्ड रिसेट मारते. तिसरा आवाज. दुपारी दुकान शांत असलं का त्या मोटरचं कुर्रर्र रस्त्यावरच्या पानठेल्यापर्यंत जाते.

कोणी असं काही केलं आहे का?

कापूसकोंडा

यवतमाळ जिल्ह्यात राहून टेबलावर अळी? काहून बापा जिवावर उदार झाला? तुया दुकानात येणारा हरेक माणूस कापूसवाला, अन तू त्याच्यासमोर बोंडअळी वळवळवून रायला. विम्याचा फॉर्म भराले आलेला माणूस फवारणीचा पंप घेऊन येईन. रंग कोणता हाय थे सांग पयले.

अर्धा_सर्किट

टी-शर्ट गुलाबी होतं ना भाऊ 😅 आईनं पण पाहिल्याबरोबर म्हटलं, हे घरात आणू नको.

सोल्डरबाबा

रिसेटचं आधी सांगतो, ते सोपं आहे. तू बोर्डाला लॅपटॉपच्या यूएसबीतून वीज देतोयस आणि सर्वोची लाल वायर बोर्डाच्याच ५ व्होल्टच्या पिनेवर लावली आहेस, बरोबर? साधं यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरचं. एसजी९० सुटताना किंवा अडकली की एकटीच तेवढा करंट ओढू शकते, दोन मिळून तर विषयच नाही. व्होल्टेज खाली बसतं, बोर्ड समजतो वीज गेली, आणि नव्यानं सुरू होतो. ईएसपी३२ चं वायफाय चालू असेल तर आणखी लवकर.

सर्वोला वेगळा सप्लाय दे. घरात जुना मोबाइल चार्जर पडलेला असतोच, ५ व्होल्ट २ अँपिअरचा बघ. त्याची काळी वायर आणि बोर्डाची ग्राउंड, म्हणजे मायनसची पिन, एकत्र जोडायची, हे विसरलास तर सर्वो पिसाटल्यागत थरथरेल आणि तू प्रोग्राममध्ये चूक शोधत बसशील. सर्वोच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (क्षणभर वीज साठवून धक्का सोसतो), व्होल्टेज १० किंवा १६ लिहिलेला, पट्टीची बाजू मायनसला. सिग्नल ३.३ व्होल्टचा असला तरी एसजी९० साधारणपणे तो मानते, मधे काही लावायला नको.

पॉवर बँकेचा मोह होईल. करून बघ, पण प्राणी शांत बसला की करंट इतका कमी होतो की बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद पडतात.

पुण्यातून_पुसदकर

छान प्रयत्न. पण स्पष्ट सांगू का, कापडानं रिपीटेबल हालचाल मिळत नाही. सिलिकॉन कास्टिंगकडे वळा. थ्रीडी प्रिंटेड साचा, दोन भागांचं सिलिकॉन, आत चर ठेवायचे. इकडे आमच्या मेकरस्पेसमध्ये (हौशी लोकांची सामायिक कार्यशाळा) सगळे तसंच करतात. कापड म्हणजे शेवटी सॉफ्ट टॉय होतं.

कापूसकोंडा

पुसदकर भाऊ, दारव्ह्याहून सिलिकॉन आनाले गेला तं येतायेता पेरणी होऊन जाईन.

शिवणताई

मी आर्वीकडची. ब्लाउज आणि शाळेचे युनिफॉर्म शिवते, मोटरमधलं मला काही कळत नाही, मुलगा हा धागा मोठ्यानं वाचत होता म्हणून लिहिते. भाऊ, तुमची नळी मोडते त्याचं कारण मला फोटो न बघता सांगता येतं. तुम्ही पोट आणि पाठ एकाच कापडाची केली. होजिअरी दोन्हीकडून ताणते. तुम्ही दोरी ओढली की पोटाचं कापड जिथं ढिलं असेल तिथं गोळा होणार, आणि एकदा घडी पडली की पुढच्या वेळी तिथंच पडणार.

पोटाला न ताणणारं कापड घ्या. मांजरपाट चालेल, स्वस्तात मिळतं. पाठ ताणणारी हवी. होजिअरीच पाहिजे असं नाही, साधं सुती कापड उरेब कापलं तरी ते ताणतं, कारण उभा-आडवा धागा तिरपा होऊन सरकतो. आणि उरेब कापड लावायच्या आधी एक रात्र टांगून ठेवा, नाहीतर नंतर लोंबतं. गोल घेराच्या फ्रॉकला आम्ही तसंच करतो.

दुसरं म्हणजे दोरी तुम्ही सुईनं कापडातून खालीवर ओवली असणार. तसं नाही करायचं. परकराला असतो तसा नेफा करा. पोटाच्या आतल्या बाजूला एक सेंटीमीटर रुंदीची पट्टी, दोन्ही कडांना टीप, मधून दोरी. नेफ्याला आतून अस्तराचं सॅटिन लावा म्हणजे दोरी घासणार नाही. आणि नेफ्यावर आडव्या चुण्या आधीच टाकून ठेवा, सारख्या अंतरावर, बोटभर. दोरी ओढली की कापड त्याच चुण्यांत बसेल, मनाला येईल तिथं मोडणार नाही.

माया, म्हणजे शिवणीबाहेरचं कापड, जरा जास्त सोडा, दीड सेंटीमीटर तरी, उसवायला लागणारच आहे.

अर्धा_सर्किट

ताई, हे तं कोणत्याच व्हिडिओत सांगितलेलं नाही. सगळे म्हणतात मोटर कोणती घ्यावी आन कोड कोणता टाकावा.

सोल्डरबाबा

ताईंचं वाचलं आणि चाट पडलो. आयटीआयला असताना हे आम्ही वेगळ्या भाषेत शिकवायचो. एक बाजू न ताणणारी आणि दुसरी ताणणारी, म्हणजे वळण कुठे येणार ते कापडानंच ठरवलं. आता त्यात माझं गणित घाल.

दोरी आणि अंगातला न ताणणारा कणा यांच्यात जेवढं अंतर, त्यावर सगळं अवलंबून. म्हणून ताईंच्या रचनेत एक बदल कर. न ताणणारी पट्टी पोटाला लावू नकोस, अंगाच्या मधोमध कणा म्हणून घाल. पोट चुण्यांमुळे आखूड होईल, पाठ उरेब असल्यामुळे ताणेल, आणि मधला कणा फक्त वाकेल. कण्यापासून दोरी २ सेंटीमीटर खाली असेल आणि अंग अर्धवर्तुळ वळवायचं असेल तर दोरी ३.१४ गुणिले २, म्हणजे जवळपास ६.३ सेंटीमीटर ओढावी लागेल. सर्वोची जी पांढरी दांडी येते तिचं भोक शाफ्टपासून दीड सेंटीमीटरवर धर, तर अर्ध्या फेऱ्यात ती दोरी फार तर ३ सेंटीमीटर ओढणार. म्हणजे अंग पुरतं वळणारच नाही. दांडी काढ, चकरी लाव. चकरीची त्रिज्या आणि कण्यापासून दोरीचं अंतर सारखं ठेवलंस तर हिशोबच करायला नको, सर्वो जितके अंश फिरेल तितके अंश अंग वळेल.

जोराचंही बघ. एसजी९० ४.८ व्होल्टला १.८ किलो-सेंटीमीटर म्हणतात, ते जाम होण्याच्या क्षणाचं. २ सेंटीमीटर त्रिज्येच्या चकरीवर ०.९ किलो, त्यातलं निम्मं धरून चाल. स्प्रिंग बॅलन्स असेल तर मोटर लावायच्या आधी नुसत्या हातानं दोरी ओढून बघ. पाव किलोत अंग वळलं तर उत्तम, एक किलो लागत असेल तर मोठी मोटर आणू नकोस, फोम पातळ कर.

हवाबाण

मी वेगळं सुचवतो. मोटर, दोरी काहीच नको. हवा! सलाईनची नळी, आत लांबट फुगे, वरून जाळीचं कापड, आणि माशांच्या टाकीचा छोटा पंप. कापडाच्या जाळीनं फुगा आखूड होतो, म्हणजे स्नायूच. १९५० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ मॅककिबन यांनी पोलिओ झालेल्या मुलीच्या हातासाठी असला स्नायू वापरला, त्याला आजही त्यांच्याच नावानं ओळखतात. मऊ म्हणतात ते हे.

सोल्डरबाबा

तत्त्व उत्तम, पण पंपाचा आवाज सर्वोच्या दुप्पट, हवा सोडायला वेगळा व्हॉल्व्ह, आणि मे महिन्यात फुगे चिकट होऊन फुटतात. टेबलावर ठेवायचंय ना त्याला?

हवाबाण

आवाजाचं मान्य. फुग्याऐवजी सायकलची ट्यूब घेता येईल. पण बरं, हा धागा सर्वोचा आहे, मी वेगळा काढतो.

मेळघाटातले_गुरुजी

जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, धागा आवडीनं वाचतोय. अळी नको तर मी एक सुचवू? खवल्या मांजर करा. घाबरलं की गुंडाळी होऊन बसतं, म्हणजे तुमच्या दोरीला जे एकच काम येतं तेच ह्या प्राण्याचं मुख्य काम. रात्री फिरतं, मुंग्या आणि वाळवी खातं, दात नसतात, जीभ भली लांब. खवले केराटिनचे, आपल्या नखांत असतं तेच. आपल्या विदर्भाच्या जंगलात आहे, पण गावातल्या म्हाताऱ्यांपैकीसुद्धा फार कमी लोकांनी जिवंत पाहिलेलं. त्याच्या खवल्यांसाठी तस्करी चालते, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तरी. पोरांना दुकानात बसल्याबसल्या तेवढं तरी कळेल.

पुण्यातून_पुसदकर

गुरुजींशी सहमत, आणि यामागे एक जुना अनुभवही आहे. जपानचा पारो माहीत असेल, सीलच्या पिल्लाचा रोबो, ताकानोरी शिबाता यांनी केलेला. वृद्धाश्रमात वापरतात, २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनानं, त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यताही दिली. सीलच का, तर मांजर किंवा कुत्रं केलं की लोक लगेच खऱ्याशी ताडून बघतात आणि हिरमुसतात. सीलचं पिल्लू कुणी मांडीवर घेतलेलं नसतं, त्यामुळे चुका खपतात. खवल्या मांजराचंही तेच होईल. आणि क्यूबो म्हणून एक जपानी उशी आहे, तिला डोकंच नाही, फक्त शेपूट, थोपटलं की हलते. लोकांना तेवढंही पुरतं.

सिलिकॉनचा आग्रह सोडला. खवले कापडाचेच बरे.

कापूसकोंडा

पुसदकर पुसदले परत आले. राजेहो, टाळ्या!

भरायले कापूस पायजे असन तं सांगजो, घरी पडून हाय, भावात बसून रायला.

शिवणताई

भाऊ, सरकीसकट कापूस कुणी भरू नका. उंदीर सोडणार नाही, आणि कापूस दबला की गोळे होतात. सावरीचा कापूस हलका असतो, पुन्हा फुगतो, पण धागे सुटून मोटरच्या चकरीत गुंडाळतील. अंगात फोमच ठेवा, सावरीचा कापूस फक्त डोक्यात आणि तोही वेगळ्या शिवलेल्या पिशवीत.

खवल्यांचं सांगते. पँटच्या कापडाच्या कात्रणी कोणत्याही शिंप्याकडे फुकट मिळतील, राखाडी-तपकिरी रंग आपोआप जमेल. मागून फ्यूजिंग (इस्त्रीनं चिकटणारं अस्तर) इस्त्री करा म्हणजे कडा उसवणार नाहीत, मग पानासारखे तुकडे कापा. शेपटीकडून सुरुवात करायची आणि डोक्याकडे यायचं, कवेलू छावतात तसं, प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीची टीप झाकेल. टीप फक्त वरच्या कडेला. खालची कड मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर पाठ ताणणार कशी? गुंडाळलं की खवले उघडतील आणि सरळ झालं की मिटतील.

आणि एक. पोटाचा तुकडा पाठीपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर आखूड कापा, पाठ त्याला सामावून घेत जोडा. म्हणजे मोटर बंद असली तरी ते अर्धं वळलेलंच बसेल. सगळं काम मोटरकडून कशाला करून घ्यायचं?

सोल्डरबाबा

ताई, तुम्ही आयटीआयला शिकवायला हव्या होत्या.

हे शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे रे अर्ध्या. सर्वो भार धरून उभी राहिली की सतत करंट खाते, गरम होते आणि गुणगुणते. आरामाची स्थिती शिलाईतच असली की सर्वो काम करून मोकळी. प्रोग्राममध्ये हालचाल संपली की डिटॅच कर, सिग्नल बंद, मोटर गप्प. तुझ्या आवाजाच्या तक्रारीतला मोठा भाग एवढ्यानं जाईल. उरलेला आवाज मोटरमधल्या गिअरच्या दातांच्या घासण्याचा. सर्वो प्लास्टिकच्या डबीला स्क्रूनं घट्ट बसवलीस तर डबी ढोलकी होते. फोममध्ये खाच करून सर्वो तिच्यात खोच, बाहेरून कापडी पट्टीनं आवळ, कुठेही कडक वस्तूला टेकू देऊ नकोस.

अर्धा_सर्किट

मंडळी, नवीन नमुना झाला. लय फरक आहे.

कणा म्हणून जुन्या मोजपट्टीचं स्टील लावणार होतो पण त्याची धार कापड कापते, म्हणून शाळेच्या दप्तराच्या बेल्टची पट्टी घेतली, वाकते पण ताणत नाही. तिच्यावर फोमची पातळ पट्टी, ती अंगाला परत उघडते. पोटात नेफा, सॅटिनचं अस्तर, चुण्या ताईंनी सांगितल्या तशा. आईनं मशीनवर टाकून दिल्या, अळीवर रुसलेली पण ह्याच्यावर खुश आहे. चकरी रुंद तोंडाच्या औषधाच्या बाटलीच्या झाकणाची, व्यास ४ सेंटीमीटर, सर्वोच्या गोल चकतीवर दोन बारीक स्क्रूनं बसवली. दोरी म्हणून तंगूस काढून टाकला, तो ताणतो आन गाठ सुटते. 

आता दोरी ओढली का शेपूट आधी आत येते, मग कंबर, मग डोकं खाली जाते. एका ओघात. हे पाहून मी एकटाच दुकानात हसत बसलो.

श्वासाचं दुसऱ्या सर्वोवर. तिच्या दांडीला आइस्क्रीमची काडी, काडीच्या टोकाला फोमचा गोल तुकडा, तो पाठीच्या आतल्या बाजूला टेकतो. आधी सरळ वरखाली केलं तं शिलाई मशीन चालल्यासारखं दिसे. मग साइन लावला, म्हणजे लाटेसारखा हळूहळू वरखाली होणारा कोन, दर २० मिलिसेकंदाला नवा कोन, आन श्वास घेताना थोडं लवकर, सोडताना हळू. मिनिटाला बारा-पंधरा श्वास ठेवले. झोपलेलं वाटते खरंच. पण शिंचा एक त्रास, श्वासवाली सर्वो कायम चालू राहते म्हणून तिचं कुरकुर चालूच.

कापूसकोंडा

दोरी म्हणून मांजा घे ना, नायलॉनचा. तुटता तुटत नाही.

मेळघाटातले_गुरुजी

नायलॉन मांजा नको हो. हरित लवादानं २०१७ मध्येच बंदी घातली, आणि संक्रांतीला नागपुरात दरवर्षी त्यानं गळे कापले जातात. पोरांच्या हातात येणाऱ्या वस्तूत तर नाहीच.

कापूसकोंडा

बरोबर हाय गुरुजी, वापस घेतो. चपला शिवतात तो मेणदोरा घे मग. ताणत नाही अन गाठ पक्की बसते.

अर्धा_सर्किट

तोच लावला आहे भाऊ! बसस्टँडवर चपला शिवणाऱ्या काकांनी हातभर दिला, पैसे घेतले नाही. नेफ्यातून बाहेर येऊन चकरीकडे वळते त्या वळणावर संपलेल्या पेनाची रिफिल कापून नळी म्हणून बसवली, स्पिरिटनं शाई धुवून. तिथं घासायचं बंद झालं.

सोल्डरबाबा

रिफिलची नळी, वा. थ्रीडी प्रिंटरवाले त्या जागी टेफ्लॉनची नळी लावतात.

श्वासाच्या सर्वोचं असं कर. दांडी अशी बसव की श्वास पूर्ण सोडलेला असताना काडी आणि दांडी एका रेषेत येतील. त्या क्षणी फोमचा सगळा दाब शाफ्टवर सरळ पडतो, मोटरला फिरवणारा भार जवळपास शून्य. तिथं पोचली की दीड-दोन सेकंद डिटॅच कर. श्वास सोडल्यावर आपणही थांबतोच की. म्हणजे कुरकुर तुटक होईल आणि शांततेचा भाग मोठा होईल.

शिवणताई

हात लावल्यावर कसं कळणार त्याला? बटण लावणार का आत? टोचेल.

अर्धा_सर्किट

ईएसपी३२ मध्ये टचच्या पिना असतात ताई, वायर जोडली आन माणसाचं बोट जवळ आलं का आकडा खाली येते. कापडावरूनही कळते. प्रश्न हा का पाठीवर वायर कोणती फिरवावी, साधी वायर कडक पडते, दोन-चार दिवसांत मधातून तुटते. कंडक्टिव्ह धागा ऑनलाइन आहे पण महाग, आन इकडे यायला वेळ.

शिवणताई

जर चालेल का? साड्यांच्या काठाची. माझ्याकडे जुन्या काठांची पिशवी भरून आहे.

सोल्डरबाबा

चालेल, पण सगळी जर नाही. जुन्या जरीत धाग्याभोवती खरी धातूची तार गुंडाळलेली असते, तांब्याची किंवा चांदीची. आजकालची स्वस्त जर म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चमक, तिच्यावर भरवसा नको. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (वीज आरपार जाते का ते दाखवणारी सेटिंग) ठेवून दोन टोकं लावून बघायची. वरून लाखेचा थर असतो कधीकधी, तो टोकाला ब्लेडनं खरवडावा लागतो. अगदी कमी रोध हवा असंही नाही, टचला किलो-ओहमपर्यंतही चालतं. सोल्डर मात्र करू नका, धागा जळेल. टिचबटण दाबा, एका बाजूला जर, दुसऱ्या बाजूला वायर. धुवायला काढताही येईल.

अर्धा_सर्किट

ताई, पिशवीतला एक काठ पाठवता का? पोस्टाचा खर्च मी देतो.

शिवणताई

खर्च राहू द्या. मुलाला बोर्ड कोणता घ्यायचा ते सांगा, त्यानं माझं डोकं खाल्लं आहे.

पुण्यातून_पुसदकर

एक सूचना टचबद्दल. आकडा ठरवून "४० च्या खाली आला की हात लागला" असं लिहू नका. कोरड्या मे महिन्यात आणि पावसाळ्यात कापडातला ओलावा वेगळा असतो, कूलरसमोर ठेवलं तरी आकडा सरकतो, मग प्राणी आपोआप गुंडाळत बसेल. चालू होताना सरासरी घ्या, तिच्यापेक्षा अचानक घसरला तरच स्पर्श धरा, आणि ती सरासरी हळूहळू बदलू द्या.

हवाबाण

आणि बॅटरी? १८६५० चा चार्ज होणारा लिथियम सेल आत बसवून वायरलेस केलं तर मस्त दिसेल.

सोल्डरबाबा

आत अजिबात नाही. फोम, कापूस आणि लिथियम सेल एका पिशवीत? त्यात आपला उन्हाळा. हे सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि पत्र्याच्या दुकानात मे महिन्यात दुपारी तेवढं तापमान बाहेर नाही, टेबलावरच असतं. सेलच वापरायचा तर टेबलाखाली, पत्र्याच्या डबीत, संरक्षण सर्किटसकट.

त्याला शेपूट आहे ना? वायर शेपटातून बाहेर काढ. लांबलचक शेपूट, टोकाशी चार्जरची वायर. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

मेळघाटातले_गुरुजी

शेपूट लांब आणि रुंदच असते त्याची, शास्त्रीयदृष्ट्याही बरोबर बसतं.

अर्धा_सर्किट

दोन दिवस टेबलावर आहे. काल एक बाई फेरफारसाठी आल्या, संगं नातू. पोट्ट्यानं बोट लावलं, हे गुंडाळलं, पोट्टं आजीच्या मागं. मग पाच मिनिटं दोघंही नुसते पाहत बसले का उघडते कधी. उघडायला मी मुद्दाम वेळ लावतो, आठ ते वीस सेकंद, दरवेळी वेगळा. सारखाच वेळ ठेवला तं पोट्टे मोजतात आन मग मजा जाते. तीनदा लागोपाठ हात लावला तं बराच वेळ उघडतच नाही, रुसते.

एक अडचण राहिली आहे. गुंडाळताना डावीकडे कलंडते. चकरी मधोमध आहे, दोरी पण नेफ्यात मधोमधच आहे, मी मोजलं.

शिवणताई

पाठ उरेब कापली तेव्हा दोन तुकडे जोडले होते की एकच होता?

अर्धा_सर्किट

दोन. मधात शिवण आहे, खवल्यांखाली.

शिवणताई

मग दोन्ही तुकड्यांचा तिरपा धागा एकाच दिशेला गेला असेल. एक बाजू जास्त ताणते, एक कमी. दुसरा तुकडा आरशातल्यासारखा उलटा कापायचा, धागे मधल्या शिवणीवर व्ही होऊन मिळाले पाहिजेत. एकाच बाजूचे खवले उसवा, मधली शिवण उसवा, तेवढा एक तुकडा बदला. पोटाला हात लावू नका. कागदी कटिंग करून मुलाकडून फोटो टाकते रात्री, आज युनिफॉर्मची गर्दी आहे.

कापूसकोंडा

माया दीड सेंटीमीटर सोडली होती ना बे?

अर्धा_सर्किट

सोडली होती भाऊ, ताईचं ऐकलं होतं.

सोल्डरबाबा

उसवतोच आहेस तर आतल्या कपॅसिटरच्या पायांना हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) घाल, कापडात उघडे पाय ठेवू नकोस. आणि चार्जरवरचं लेबल वाचून टाक इथे. आउटपुट ५ व्होल्ट १ अँपिअर असेल तर दुसरा शोध.